पाण्याचा जमाखर्च

हृदयविकाराच्या वृद्ध रुग्णाच्या औषधांच्या डब्यात एक लहानशी गोळी बहुधा असतेच. तिचे खरे नाव घरातल्या साऱ्यांना ठाऊक असते असे नाही. कोणी तिला 'पाणी काढायची गोळी' म्हणतात, कोणी नुसती 'लघवीची गोळी'. वैद्यकाच्या परिभाषेत ती मूत्रल औषधांत मोडते. चिठ्ठीवर फ्युरोसेमाइड, जुन्या चिठ्ठ्यांवर फ्रुसेमाइड, टॉरसेमाइड किंवा लॅसिक्स असे काही लिहिलेले असते. घरगुती नावात या औषधाचे सारे सामर्थ्य आले आहे, आणि त्याविषयीचा गैरसमजही तेथूनच सुरू होतो. पाणी काढायचे हे खरे; पण ते कोणाचे, किती आणि किती वेगाने, हा प्रश्न त्या नावात कोठेच नाही. या औषधाचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार जाणवले, की पाणी काढण्याची शक्ती माणसाला हळूहळू आणि बऱ्याच अंशी योगायोगाने मिळाली. ती कोठे थांबवावी हे शिकायला मात्र त्याहून अधिक काळ लागला, आणि ते शिक्षण अद्याप संपलेले नाही.

आरंभ आपल्याच परंपरेतून करता येईल. जलोदर हा शब्द आपल्याकडे फार जुना. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांच्या अध्यायात पोटात साठलेले पाणी शस्त्राने काढण्याची कृती सविस्तर दिली आहे. भाताच्या दाण्यासारखे टोक असलेल्या 'व्रीहिमुख' नावाच्या शस्त्राने नाभीच्या खाली डाव्या बाजूस वेध घ्यावा, त्यात दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी बसवावी आणि पाणी वाहू द्यावे, अशी ती कृती आहे. पण आम्हांला त्या कृतीहून तिच्या पुढे जोडलेली सूचना महत्त्वाची वाटते. सारे पाणी एकाच दिवशी काढू नये, असे संहिता बजावते. तसे केल्यास तहान, ज्वर, अंग मोडून येणे, श्वास लागणे असे उपद्रव होतात; म्हणून काही रात्रींच्या अंतराने थोडे थोडे काढावे आणि पोट पट्ट्याने घट्ट बांधावे. रक्तदाब मोजण्याचे साधन नसलेल्या काळात कोणीतरी असे रुग्ण पाहिले होते, ज्यांचे पोट हलके झाले आणि प्रकृती मात्र ढासळली. शरीरात साठलेले पाणी हा शत्रू असला तरी तो रक्तातील पाण्याशी जोडलेला असतो, हे त्यांनी अनुभवाने ताडले होते. पोटात घेण्याच्या औषधांत घेटुळी म्हणजे पुनर्नवा आणि गोखरू यांचा उपयोग आपल्याकडे मूत्रल म्हणून होत आला. त्यांचा परिणाम सौम्य. त्यामुळे मात्रा चुकली तरी ती सहसा जिवावर बेतत नसे.

युरोपातही शतकानुशतके हेच दुखणे आणि तोच निरुपाय होता. इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोशकार सॅम्युअल जॉन्सन याचे अखेरचे वर्ष या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १७८४ च्या आरंभी पायांवर सूज, छातीत दाटलेला श्वास, रात्री आडवे पडणे अशक्य, अशी त्याची अवस्था होती. फेब्रुवारीत त्याला अकस्मात भरपूर लघवी झाली आणि काही महिने आराम पडला. पण वर्षाच्या अखेरीस सूज परतली. शल्यवैद्याने पायांना छेद देऊन पाणी वाहू दिले. ते पुरेसे खोल नाहीत अशी रोग्याचीच तक्रार होती. अखेरीस त्याने स्वतःच्या हाताने आपल्या पायांत शस्त्र खुपसले. १३ डिसेंबर १७८४ रोजी तो गेला. ज्याच्या शब्दाला इंग्लंडभर मान होता, त्याला आपल्याच देहातील पाण्यावाचून सुटका मिळवण्यासाठी धारदार पात्याचा आधार घ्यावा लागला. एकोणिसाव्या शतकात पायांच्या त्वचेत बारीक धातूच्या नळ्या बसवून थेंब थेंब पाणी काढण्याची पद्धत रूढ झाली. कल्पना तीच, साधन थोडे बरे, इतकाच फरक.

जॉन्सनच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १७८५ साली, बर्मिंगहॅमचा वैद्य विल्यम विदरिंग याने फॉक्सग्लव्ह या वनस्पतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. दहा वर्षांपूर्वी श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्ध स्त्रीच्या गुप्त काढ्याविषयी त्याचे मत विचारले गेले होते. त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण कोणत्या वनस्पतीचा, हे विदरिंगने ओळखले. डिजिटॅलिसच्या इतिहासात हा ग्रंथ हृदयाच्या औषधाचा म्हणून गाजला. पण विदरिंगचे मुख्य लक्ष लघवीकडे होते. जलोदर व सूज उतरते ती या वनस्पतीने मूत्र वाढते म्हणून, असे त्याला वाटत असे. कारणमीमांसा पुढे बदलली, पण त्याचा एक नियम टिकला. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही औषधाचा परिणाम दिसू लागताच ते थांबवावे, असे त्याने सांगितले होते. गुण आणि विष यांच्यामधील अंतर किती चिंचोळे असते हे त्याने आपल्या रुग्णांवरून, त्यांतील अपयशासकट, नोंदून ठेवले. सुश्रुतसंहितेतील सूचना आणि हा नियम यांच्यामध्ये अनेक शतके आणि अर्धे जग आहे. तरीही दोहोंचा रोख एकच आहे.

विसाव्या शतकात पुढचे पाऊल पडले ते व्हिएन्नात, आणि ज्याचा शोध चालला नव्हता तेच हाती लागले. १९१९ च्या शरद ऋतूत वेंकेबाख यांच्या चिकित्सालयात आल्फ्रेड फोग्ल हा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका जन्मजात उपदंशाच्या तरुण रुग्णेवर उपचार करत होता. उपदंशावर पाऱ्याची औषधे देण्याची तेव्हा पद्धत होती. फोग्लला हवे ते औषध मिळाले नाही. एका सहकाऱ्याने नोव्हासुरॉल नावाचे पाऱ्याचे नवे इंजेक्शन सुचवले, ते त्याने टोचले. रोगावर त्याचा काय परिणाम झाला हे बाजूला राहिले. त्या कक्षातील परिचारिका रुग्णांच्या लघवीचे माप रोज तक्त्यावर लिहीत असत, आणि त्या तक्त्यावर इंजेक्शनच्या दिवशी एकाएकी उंच रेघ चढली. पूर्वी दिवसाला अर्ध्या लिटरपर्यंत असणारी लघवी एका लिटरच्या वर गेली होती. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा रेघ वर. मग हृदयविकाराने सुजलेल्या रुग्णांना ते देऊन पाहिले, तेव्हा अक्षरशः पाण्याचे लोट वाहिले. १९२० साली झाक्सल आणि हायलिग यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला, आणि त्यानंतरची तीसहून अधिक वर्षे पाऱ्याची इंजेक्शने हाच सुजेवरचा प्रबळ इलाज राहिला.

या प्रसंगाची आठवण फोग्लने पुढे १९५० साली लिहिली. ती वाचताना आम्हांला मोठे कौतुक वाटते ते त्या तक्त्याचे. लघवीचे माप घेण्याचे काम कंटाळवाणे, कोणी मागितले नसले तरी नेमाने करण्याचे, आणि ज्याचा उपयोग होईल की नाही हे करणाऱ्याला ठाऊक नसण्याचे. ते झाले नसते तर त्या दिवशीची घटना घडूनही कोणाला दिसली नसती. औषधाचा शोध लागला तो मोजण्याच्या सवयीमुळे. या सवयीकडे आपल्याला लेखाच्या शेवटी परत यायचे आहे.

पारा अखेर पाराच. इंजेक्शने दुखत, वारंवार घ्यावी लागत, आणि ज्या मूत्रपिंडाकडून काम करून घ्यायचे त्यालाच विषबाधा होण्याची भीती असे. शिरेतून दिल्यास क्वचित हृदय तत्क्षणी थांबे. तोंडाने घेण्याजोगे, निर्धोक औषध हवे होते. त्याचा धागा गवसला तो सल्फा औषधांत. १९३० च्या दशकात जंतुसंसर्गावर सल्फानिलामाइड दिलेल्या रुग्णांची लघवी अल्कधर्मी होते आणि रक्तातील आम्लता वाढते, असे आढळले होते. १९४९ साली बॉस्टनमध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदयविकाराच्या काही रुग्णांना हेच औषध मुद्दाम दिले आणि लघवीवाटे सोडियम अधिक बाहेर पडते हे दाखवले. दीर्घकाळ देण्यास ते फार विषारी होते. पण दिशा मिळाली. तिच्या आधारे अमेरिकेतील मर्क कंपनीत कार्ल बायर आणि त्यांचे सहकारी यांनी क्लोरोथायझाइड सिद्ध केले. १९५८ साली ते बाजारात आले आणि पाऱ्याची सद्दी संपू लागली. येथे दृष्टीतही एक बदल झाला होता. पाण्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही; मीठ जेथे जाते तेथे पाणी जाते. मूत्रल औषध म्हणजे वस्तुतः मीठ काढणारे औषध.

क्लोरोथायझाइडच्या पाठोपाठ जर्मनीतील फ्रँकफुर्टजवळच्या हेक्स्ट कंपनीत कार्ल श्टुर्म, वाल्टर झीडेल आणि रुडी वायर हे रसायनशास्त्रज्ञ सल्फोनामाइडांच्या वेगवेगळ्या रचना करून पाहत होते. १९५९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या एका संयुगाला फ्युरफ्युरिल नावाचा कड्यासारखा तुकडा जोडलेला होता. त्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील कोंडा या अर्थाच्या शब्दात आहे, कारण हा पदार्थ मूळचा कोंड्यापासून मिळवत. हेच फ्युरोसेमाइड. १९६४ मध्ये ते जर्मनीत वापरात आले आणि १९६६ साली अमेरिकेने त्यास मान्यता दिली. त्याचे लॅसिक्स हे नाव 'सहा तास टिकणारे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून घडले, असे सांगतात. त्याच सुमारास मर्क कंपनीत इथाक्रिनिक आम्ल तयार झाले. पुढे डेन्मार्कच्या लिओ कंपनीकडून ब्युमेटानाइड आले, नंतर टॉरसेमाइड. या साऱ्यांचे वैशिष्ट्य असे, की पूर्वीच्या औषधांची मात्रा वाढवली तरी एका मर्यादेनंतर लघवी वाढत नसे. यांची मर्यादा कितीतरी उंच होती.

ती का, हे समजण्यासाठी मूत्रपिंडात थोडे उतरावे लागेल. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातील दीडएक लिटर तेवढा बाहेर सोडतात. उरलेला सारा परत घेतात. त्या गाळलेल्या द्रवात जवळजवळ दीड किलो मिठाइतके सोडियम असते. इतकी प्रचंड उलाढाल असलेल्या पेढीत हिशेबाची एखादी टक्का इकडेतिकडे झाली तरी देहाचा जमाखर्च बिघडतो. १८६२ साली गटिंगेनचे शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका खोल उतरते आणि केसाच्या आकड्यासारखी वळून परत वर येते असे वर्णन केले. हा 'हेन्लेचा वळसा' कशासाठी, हे कळायला आणखी नव्वद वर्षे गेली. वर चढणारी जाड बाजू मीठ शोषते, पण पाण्याला आत येऊ देत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचा गाभा खारट होतो, आणि त्या खारटपणाच्या बळावरच शरीर उन्हाळ्यात लघवी दाट करून पाणी वाचवते. गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे पाव भाग या एका टप्प्यात परत घेतला जातो. थायझाइडांचे कार्यस्थान याच्या पुढे असून तेथे याच्या एका अंशाइतकेच मीठ हाताळले जाते. फ्युरोसेमाइड बसते ते नेमके या वळशाच्या चढणीवर. म्हणून त्याचा हात एवढा मोठा.

औषध आधी आले आणि त्याचे कार्यस्थान नंतर कळले, हा क्रम येथेही आहे. १९७३ साली अमेरिकेत मॉरिस बर्ग यांनी सशाच्या मूत्रपिंडातील नलिकेचा तुकडा वेगळा काढून, त्यातून द्रव वाहवून, औषध तेथे क्षाराचे वहन आतल्या बाजूने अडवते हे दाखवले. हे वहन करणारे प्रथिन एका वेळी एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चार उतारू घेऊन पलीकडे जाणाऱ्या नावेसारखे आहे. औषध ती नावच अडवून धरते. १९९४ साली या प्रथिनाचे जनुक हाती लागले, आणि १९९६ मध्ये असे सिद्ध झाले की त्या जनुकातील दोषामुळे जन्मतःच बार्टर विकाराचा एक प्रकार होतो. फ्रेडरिक बार्टर यांनी १९६२ साली वर्णन केलेल्या या विकारात मीठ आणि पोटॅशियम सतत वाहून जाते. निसर्गाने काही अभागी बालकांना जणू आयुष्यभराचे फ्युरोसेमाइड देऊन ठेवले होते. औषध अमर्याद घेतल्यास काय होईल याचा याहून बोलका दाखला नसावा.

आता रुग्णशय्येकडे वळू. फुप्फुसांत पाणी भरून मध्यरात्री उठून बसलेला, फेसाळ थुंकी टाकणारा, घामाने डबडबलेला रुग्ण: हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरत नाहीत. १९६० पूर्वी अशा वेळी मॉर्फिन, प्राणवायू, रक्तमोक्षण, आणि हातापायांना आलटून पालटून पट्टे आवळून हृदयाकडे परतणारे रक्त अडवणे, एवढेच उपाय वैद्याच्या हाती होते. फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन आल्यावर हे चित्र पालटले. शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत परिणाम सुरू होतो. १९७३ साली लॉस एंजेलिस येथील दीक्षित व त्यांचे सहकारी यांनी असेही दाखवले, की हृदयाच्या झटक्यानंतरच्या रुग्णांत लघवी वाढण्यापूर्वीच शिरा सैल होतात आणि हृदयातील दाब उतरू लागतो. काही वर्षांनी, १९८५ मध्ये, जुनाट हृदयविकाराच्या रुग्णांत याच्या उलट प्रथम रक्तवाहिन्या आकुंचन पावतात असेही आढळले. एकाच औषधाची दोन रूपे, रुग्णाच्या अवस्थेनुसार. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली तीतच फ्युरोसेमाइड होते, आणि हृदय, यकृत व मूत्रपिंड यांच्या विकारांतील सुजेवर ते आजही पहिल्या फळीतले औषध आहे. त्याने किती रुग्णांना त्या रात्रीच्या पलीकडची सकाळ दाखवली याची गणती करणे अशक्य आहे.

नेमके येथेच सावध व्हावे लागते. ज्या औषधाचा गुण डोळ्यांना दिसतो, भांड्यात मोजता येतो, त्यावर वैद्य आणि रुग्ण या दोघांचाही विश्वास प्रमाणाबाहेर बसतो. अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात फ्युरोसेमाइडविषयी चौकटीत इशारा छापलेला असतो: अतिमात्रा झाल्यास पाणी आणि क्षार यांचा धोकादायक ऱ्हास होऊ शकतो. मिठाबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही वाहून जातात. पोटॅशियम घटले की हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती, आणि रुग्ण डिजिटॅलिसवर असेल तर त्याचे विष अधिक चढते. विदरिंगचे औषध आणि हेक्स्टचे औषध अशा रीतीने एकाच रुग्णाच्या देहात समोरासमोर येतात. रक्तातील युरिक आम्ल वाढून गाउट उसळतो. वृद्धांना उभे राहताना भोवळ येते, पडून हाड मोडते. आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या औषधाचा परिणाम कमी करतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली गोळी येथे अनर्थ करू शकते.

कानांचे प्रकरण तर विलक्षण आहे. १९६५ साली इथाक्रिनिक आम्ल घेतलेल्या रुग्णांत बहिरेपण आल्याची नोंद झाली. मूत्रपिंडातील नावेचे एक भावंड आंतरकर्णातही असते. तेथील द्रवाचे क्षार ते राखते. औषध एकदम जोरात शिरेत गेले, मूत्रपिंड आधीच दुबळे असले किंवा सोबत जेंटामायसिनसारखे प्रतिजैविक असले, तर ऐकू येणे मंदावते. बहुधा ते परत येते, क्वचित येत नाही. म्हणून मोठी मात्रा देताना मिनिटाला चार मिलिग्रॅमहून अधिक वेग नसावा असा नियम झाला. औषध तेच, एकूण मात्राही तीच. केवळ वेगाने इष्टाचे अनिष्ट होते. सुश्रुतसंहितेतील सूचना येथे वेगळ्या अर्थाने पुन्हा खरी ठरते.

दुसरा मोह अतिदक्षता विभागातला. मूत्रपिंड एकाएकी बंद पडू लागले की लघवी आटते. फ्युरोसेमाइड दिले की पुष्कळदा ती पुन्हा दिसू लागते आणि सर्वांना हायसे वाटते. पण लघवी दिसणे म्हणजे मूत्रपिंड सुधारणे नव्हे. २००२ साली कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात अशा गंभीर रुग्णांत मूत्रल औषधे घेणाऱ्यांचा मृत्युदर अधिक आढळला; २००४ च्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात ही वाढ लक्षणीय ठरली नाही. म्हणजे औषध मारक ठरले असे म्हणता येत नाही, पण तारक ठरल्याचा पुरावाही मिळाला नाही. अंगात अतिरिक्त पाणी असेल तर ते काढण्यास त्याचा उपयोग आहेच. मूत्रपिंडाची जखम भरून काढण्यास नाही.

तिसरा मोह अगदी घरगुती आहे. पाय सुजले की गोळी, असा सरळ हिशेब पुष्कळजण करतात. पण पायांची प्रत्येक सूज ही देहातील जास्तीच्या मिठापाण्याची नसते. शिरांच्या झडपा निकामी झाल्याने, दिवसभर उभे राहिल्याने, किंवा रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीनेही घोटे सुजतात. शेवटच्या प्रकारात पहिल्या औषधाचा उपद्रव दूर करायला दुसरे औषध दिले जाते आणि त्याचा उपद्रव दूर करायला तिसरे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या वृद्धांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही साखळी स्पष्ट दिसली. आणि वजन उतरवण्यासाठी ही गोळी घेणे म्हणजे तर शुद्ध फसवणूक. काट्यावर उतरते ते पाणी, चरबी नव्हे. चार घोट पाण्याने ते परत येते, गेलेले पोटॅशियम मात्र तितक्या सहज येत नाही. खेळाडूंसाठी ऑलिंपिक समितीने १९८८ पासून मूत्रल औषधे निषिद्ध ठरवली, त्याला वजनाबरोबर उत्तेजके लपवण्याचेही कारण होते.

औषध काम करत नाही अशी तक्रारही इतिहासाइतकीच जुनी आहे, आणि तिचे उत्तर बोधप्रद आहे. फ्युरोसेमाइडला एक उंबरठा असतो. त्याखालील मात्रेने जवळजवळ काहीच घडत नाही, म्हणून अर्ध्या गोळीने अर्धा गुण येईलच असे नाही. तोंडाने घेतलेल्या गोळीपैकी सरासरीने निम्मीच शोषली जाते, तीही माणसागणिक अतिशय वेगवेगळी. आणि सहा तास सरले की मूत्रपिंड जागे होऊन गमावलेले मीठ उरलेल्या वेळात अधाशीपणे परत मिळवू पाहते. त्या वेळात लोणचे, पापड, खारी मासळी पानात आली, तर सकाळी काढलेले संध्याकाळी परत जमा होते. औषध आणि अन्न यांचा हा झगडा गोळी वाढवून जिंकता येत नाही.

मग हे औषध आयुष्य वाढवते का? साठ वर्षांच्या वापरानंतरही याचे सरळ 'होय' असे उत्तर देता येत नाही. पाण्यात बुडणाऱ्या रुग्णाला ते न देता केवळ पाहत राहण्याचा प्रयोग कोणी करणार नाही, हे उघडच आहे. हृदयविकारात आयुष्य वाढवल्याचा भक्कम पुरावा आहे तो इतर औषधांचा. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोन या सौम्य मूत्रल औषधाने तीव्र हृदयविकारातील मृत्यू तीस टक्क्यांनी घटवले. फ्युरोसेमाइडबाबत प्रयोग झाले ते 'कसे द्यावे' याचे. २०११ साली ३०८ रुग्णांवरील प्रयोगात थेंबाथेंबाने सतत देणे आणि बारा तासांनी एकदम देणे यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. २०२३ मध्ये २,८५९ रुग्णांवरील प्रयोगात टॉरसेमाइड फ्युरोसेमाइडहून श्रेष्ठ असल्याची समजूत टिकली नाही. दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण सव्वीस टक्क्यांच्या आसपास होते. २०२२ साली बेल्जियमच्या संशोधकांनी १९५० च्या दशकातले, जवळजवळ अडगळीत गेलेले अ‍ॅसेटाझोलामाइड फ्युरोसेमाइडच्या जोडीला देऊन पाहिले, तेव्हा तीन दिवसांत सूज पुरती उतरणाऱ्यांचे प्रमाण साडेतीस टक्क्यांवरून बेचाळीस टक्क्यांवर गेले.

आणि अलीकडचा विचार आपल्याला पुन्हा व्हिएन्नातील त्या तक्त्यापाशी आणून सोडतो. तीव्र हृदयविकारात इंजेक्शन दिल्यावर दोन तासांनी लघवीतील सोडियम मोजावे, पहिल्या सहा तासांत दर तासाला लघवी किती झाली ते पाहावे आणि त्यानुसार पुढची मात्रा ठरवावी, असे युरोपातील हृदयतज्ज्ञ आता सांगतात. नेदरलँड्समधील २०२३ च्या प्रयोगात या रीतीने मीठ अधिक निघाले. मृत्यू वा पुन्हा रुग्णालयात येणे मात्र घटले नाही. म्हणजे मोजमाप हा काही चमत्कार नव्हे. तरीही एवढे प्रबळ औषध अंदाजाने देण्याहून मोजून देणे बरे, याविषयी कोणाचे दुमत नसावे.

घरात या मोजमापाची साधने साधी आहेत. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, एकाच काट्यावर घेतलेले वजन आणि एक वही. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर पाणी साठते आहे. ते सतत उतरत असेल, तोंड कोरडे पडत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर कदाचित जास्त निघते आहे. जुलाब, उलट्या किंवा वैशाखातील कडक उन्हाचे दिवस आले की या गोळीचे काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे. मनाने गोळी बंद करणे हे मनाने वाढवण्याइतकेच धोक्याचे. ठरावीक काळाने पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणी करून आकडे त्याच वहीत उतरवावे. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याऐवजी ती वही पडली, तर मात्रा कमी करायची की वाढवायची हे ठरवणे त्यांना सोपे जाते.

जॉन्सनला हे औषध मिळाले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. त्याच्या पायांना बहुधा छेद घ्यावे लागले नसते. पण त्याच्या हाती नुसती गोळ्यांची बाटली देऊन भागले नसते; त्या अधीर माणसाने जितके निघेल तितके पाणी काढण्याचा हट्ट धरलाच असता. त्याच्या शेजारी रोज काटा आणि माप घेऊन बसणारे कोणीतरी लागलेच असते.